अडीच गिगाबिटचं कार्ड, लिनक्सचा ड्रायव्हर आणि सात-आठ महिन्यांची झटापट

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण असे अनुभव लोक शेवटून वाचायला सुरुवात करतात. नेटवर्क कार्ड चांगलं आहे, वेग पूर्ण मिळतो. पण लिनक्सवर आहे तसं चालवलं तर ते अधूनमधून लटकतं, आणि लटकल्यावर रीस्टार्ट करूनही उठत नाही. एक सेटिंग बदललं की हा त्रास बंद होतो. पाचपैकी साडेतीन तारे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. असलं दुखणं इतर चिपनाही होतं आणि ते शोधायची वाट सगळीकडे साधारण हीच असते.

मिनी पीसी घेतला तो घरातला सर्व्हर म्हणून. फोटो, बॅकअप आणि जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), एवढंच काम. लिनक्सचा डेबियन 12, कर्नल (लिनक्सचा गाभा) 6.1. नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरच, अडीच गिगाबिटचं. भिंतीतून वर्षानुवर्षांपूर्वी ओढलेली कॅट 5ई केबल तशीच ठेवली. 2016 साली मंजूर झालेलं 802.3बीझेड हे मानक मुळात अशा जुन्या केबलींसाठीच आहे, शंभर मीटरपर्यंत अडीच गिगाबिट त्यावर जातं. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने मोजलं तर 2.35 गिगाबिट. हेडर (प्रत्येक पॅकेटवरची पत्त्याची माहिती) वगैरेंचा भार वजा जाता यापेक्षा जास्त मिळतच नाही, त्यामुळे वेगाबद्दल तक्रार शून्य.

पहिले काही आठवडे दुखणं लक्षातच आलं नाही, त्याचं कारण गमतीदार आहे. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. तेव्हा हे खोकं इन्व्हर्टरवर नव्हतं. मधे कधी नेट अडकलं तरी गुरुवारी वीज जाऊन आली की सगळं सुरळीत, त्यामुळे संशय केबलवाल्यावर. खोकं इन्व्हर्टरवर घेतलं आणि खरा प्रकार उघडा पडला. पोर्टवरचा हिरवा दिवा चालू, आयपी पत्ता जागेवर, मशीन आपलं काम करतंय, पण बाहेर एक पॅकेट जात नाही. डीएनएसही त्याच मशीनवर, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं नेट बंद. बाबांचं ठरलेलं वाक्य: "तुझं ते खोकं परत गेलं बघ."

रीस्टार्ट केलं तरी कार्ड दिसायचं नाही. प्लग काढून मिनिटभर थांबलं की मात्र नव्यासारखं चालू. इथे पहिला धागा मिळतो. नेटवर्कवरून मशीन जागं करता यावं म्हणून कार्डाला स्टँडबाय वीज मिळतच राहते. साध्या रीस्टार्टने ती तुटत नाही, त्यामुळे चिप ज्या अवस्थेत अडकली आहे तिथेच राहते. तुमचं कार्डही रीस्टार्टने उठत नसेल आणि प्लग काढल्यावर उठत असेल, तर केबल, स्विच आणि राउटर यांना तिथल्या तिथे निर्दोष सोडायला हरकत नाही.

पुढचा पुरावा कर्नलच्या लॉगमध्ये. जर्नल, म्हणजे हा लॉग, डिस्कवर साठवायची सोय आधी करून ठेवा, नाहीतर रीस्टार्टबरोबर सगळं पुसलं जातं. मग जर्नलसीटीएल या कमांडला मागच्या बूटचे कर्नल संदेश मागायचे. माझ्याकडे ओळ होती: "नेटडेव्ह वॉचडॉग… ट्रान्समिट क्यू 0 टाइम्ड आउट".

ही ओळ दिसली की लोक लगेच ड्रायव्हरला शिव्या घालतात. पण ती नक्की काय सांगते ते बघा. पाठवायच्या पॅकेटांचे पत्ते ड्रायव्हर मेमरीतल्या एका गोलाकार यादीत लिहितो, तिला रिंग म्हणतात. चिप डीएमएने (प्रोसेसरला मधे न घेता, थेट मेमरीतून) ती पॅकेटं स्वतः उचलते, "झालं" अशी खूण करते आणि इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला इशारा, देते. त्या खुणा यायच्या थांबल्या की रिंग भरते, रांग थांबते. रांग थांबून ठरावीक वेळ गेली (ड्रायव्हरने वेगळं काही सांगितलं नसेल तर 5 सेकंद) की कर्नलचा वॉचडॉग ओरडतो आणि ड्रायव्हरला चिप रीसेट करायला लावतो. म्हणजे लॉगमधली ओळ एवढंच सांगते की चिपकडून उत्तर येत नाही. का येत नाही, हे तिला माहीतच नसतं.

उत्तर दुसरीकडे होतं. लटकलेल्या अवस्थेत, कीबोर्ड-मॉनिटर जोडून, एलएसपीसीआय (मशीनमधल्या उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) चालवलं. कार्डाच्या ओळीत रिव्हिजनच्या जागी "एफएफ". पीसीआयईवरचं (प्रोसेसर आणि कार्डांना जोडणाऱ्या बसवरचं) उपकरण उत्तर देत नसेल तर प्रत्येक वाचनात सगळे बिट एक येतात, आणि सोळा-अंकीत ते एफएफ दिसतं. कार्ड बसवरून गळूनच पडलं होतं. ज्या रजिस्टरमध्ये रीसेट लिहायचं तेच पोचत नाही, मग ड्रायव्हरने रीसेट करायचं कशाचं?

लिंक कधी गळते? बहुतेक वेळा झोपताना किंवा झोपेतून उठताना. पीसीआयईमध्ये एएसपीएम नावाची वीजबचत असते. काम नसलं की प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधली लिंक एल1 अवस्थेत जाते, आणखी खोल झोपायला एल1.1 आणि एल1.2. चिप, बोर्ड आणि बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) या तिघांपैकी एकाचीही वेळ चुकली तर लिंक उठत नाही. माझ्याकडे लटकायचं ते बहुतेक पहाटे, घरात कोणी काही डाउनलोड करत नसताना. भरपूर फायली कॉपी होत असताना एकदाही नाही. भाराखाली टिकणारं आणि निवांत असताना मरणारं कार्ड दिसलं की संशय वीजबचतीवरच घ्यावा.

इंटरनेटवर यावर उपायांचा रतीब आहे. टीएसओ (पॅकेटं कापायचं काम कार्डावर सोपवणारी सोय) बंद करा, ईईई बंद करा, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदला, कर्नल जुना घाला, आणि हे सगळं एकदम करा. एकदम करायला माझा ठाम विरोध आहे, कारण मग कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. मी एकेक बदललं आणि प्रत्येकाला पुरेसे दिवस दिले. एथटूल या कार्डाची सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडने टीएसओ बंद केलं: प्रोसेसरचा वापर वाढला, लटकणं तसंच. ईईई बंद केलं: काही फरक नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं. ईईई ही कार्ड आणि स्विच यांच्यामधल्या केबलवरची बचत, एएसपीएम ही मदरबोर्डवरची. दोन्हींत वीजबचत आहे म्हणून लोक त्यांची गल्लत करतात.

कंपनीच्या संकेतस्थळावरचा वेगळा ड्रायव्हरही घालून बघितला. लटकणं थांबलं, हे मान्य. पण कर्नलबाहेरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) असल्यामुळे डीकेएमएस हे साधन ते दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधणार. कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवायचे नाहीत हे तिथलं जाहीर धोरण आहे, कर्नलचे एक देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते लिहूनच ठेवलंय. व्हायचं तेच झालं. एका अपडेटनंतर मॉड्यूल बांधलं गेलं नाही, आणि नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवायला नेटवर्क नाही. फोनचं यूएसबी टेदरिंग कामी आलं. शिवाय असं मॉड्यूल चढवलं की कर्नलवर "टेंटेड" (डागाळलेला) असा शिक्का बसतो, आणि मग देखभाल करणाऱ्यांकडे तक्रार नेली की पहिला प्रश्न तोच येतो. काढून टाकलं.

ड्रायव्हरच दोषी धरण्याच्या घाईबद्दल एक जुना किस्सा इथे सांगायलाच हवा. 2008 मध्ये 2.6.27 कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलची काही कार्डं कायमची बंद पडू लागली, त्यांच्यातली एनव्हीएम मेमरीच (वीज गेली तरी टिकणारी, कार्डाची माहिती ठेवणारी) खराब होत होती. बोट त्या कार्डांच्या ई1000ई ड्रायव्हरकडे. शेवटी गुन्हेगार निघाला एफट्रेस, कर्नलमधली फंक्शनांचा माग काढणारी यंत्रणा. मोकळ्या झालेल्या कोडच्या पत्त्यावर ती लिहीत होती, आणि तोच पत्ता दरम्यान कार्डाच्या एनव्हीएमला मिळालेला होता. ड्रायव्हर बिचारा घटनास्थळी हजर होता इतकंच.

आता उपाय. सगळीकडे बूट ओळीत "पीसीआयई_एएसपीएम=ऑफ" घाला असं सांगतात. याने एएसपीएम बंद होतं असा समज आहे, तो खरा नाही. कर्नलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की या पर्यायाने कर्नल एएसपीएमला हातच लावत नाही. बायोसने जे ठरवलं ते तसंच राहतं. माझ्या बायोसने एल1 चालू ठेवलेलं, म्हणून हा पर्याय घालूनही कार्ड लटकलं, आणि कित्येकांचं लटकत असणार. खरंच बंद करायचं तर "पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स". पण त्याने एसएसडीसकट सगळ्यांची झोप उडते. त्यापेक्षा कर्नल 5.5 पासून आलेली सोय नेमकी आहे: सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज फायलींसारखी दाखवणारी जागा) त्या कार्डाच्या फोल्डरात "लिंक" नावाचं उपफोल्डर असतं, त्यातल्या "एल1_एएसपीएम" फायलीत 0 लिहायचं. फक्त त्या एका कार्डाची झोप बंद. बूट ओळीत आधीचं "ऑफ" राहिलं असेल तर ते काढा, नाहीतर ही फाइल दिसतच नाही. दर वेळी आपोआप व्हावं म्हणून यूडेव्हचा (उपकरण दिसलं की ठरलेलं काम करणारी सोय) एक नियम लिहून टाकला.

त्यानंतर एकदाही लटकलं नाही. डेबियन 13 आलं, कर्नल 6.12 झाला, तेव्हा कुतूहलापोटी नियम काढून बघितला. काही दिवसांतच पुन्हा एफएफ. नियम परत घातला.

किंमत म्हणाल तर भिंतीवरच्या मीटरवर एक-दीड वॅट जास्त दिसतात. एक लिंक सतत जागी राहिली की प्रोसेसरचं पॅकेजही (अख्खी चिप) खोल झोपेत जाऊ शकत नाही, हा मुख्य खर्च. वर्षाला फार तर 13 युनिट. सर्व्हरसाठी मला चालतं. बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये हीच चिप असती तर तारे दोनच दिले असते.

विंडोजवर किंवा साध्या डेस्कटॉपसाठी घेत असाल आणि रोज रात्री स्विच बोर्डावरून बंद करत असाल, तर बिनधास्त घ्या. लिनक्सवर चोवीस तास चालवणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा: नवीन मशीन इन्व्हर्टरवर ठेवा, काही न करता आठवडाभर पडू द्या, आणि रोज सकाळी एलएसपीसीआयमध्ये त्या एका ओळीची रिव्हिजन बघा.