उतामारोच्या गणिका: बारा प्रहर की शाईच्या पाच छटा?

अठराव्या शतकातला जपानी चित्रकार उतामारो याचं हाताने छापलेलं एखादं पुनर्मुद्रण घ्यायचं ठरलं आणि त्यातही योशिवाराच्या, म्हणजे एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) वेश्यावस्तीच्या, गणिका हव्या असतील, तर निवड बहुधा दोन मालिकांपाशी येऊन अडते. एक, त्या वस्तीतल्या दिवसरात्रीचे बारा प्रहर. दुसरी, ‘उत्तरेकडच्या शाईच्या पाच छटा’. इथे उत्तर म्हणजे योशिवाराच. दोन्ही १७९४-९५च्या आसपासच्या. मी दोन्हींतलं एकेक चित्र घेतलं आणि बरीच वर्षं शेजारी शेजारी लावून पाहिलं.

‘पाच छटा’ धीट आहे. मानमरातबाच्या ओइरानपासून अगदी तळच्या ‘तेप्पो’पर्यंत, म्हणजे ‘बंदूक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईपर्यंत, पाच दर्जांच्या पाच स्त्रिया छातीपर्यंतच्या चौकटीत येतात. माझ्याकडे तेप्पो होती. विस्कटलेले केस, सुटलेली वस्त्रं, दातांत धरलेला कागद. खंदकाने वेढलेल्या त्या वस्तीतल्या बेवारस मेलेल्या हजारो बायका मिनोवाच्या जोकानजी मंदिरात पुरल्या गेल्या. ते वास्तव या चेहऱ्यात जितकं जाणवतं, तितकं ‘बारा प्रहरां’त जाणवत नाही, हे मान्य करायलाच हवं.

तरी ती भिंतीवर राहिली नाही. कारण ठरली काच. चित्र चेहऱ्याने भरलेलं. समोर उभं राहिलं की काचेतलं माझं प्रतिबिंब जवळजवळ त्याच मापाचं, आणि नेमकं तिच्या तोंडावर. जागा बदलली, दिवा हलवला, उपयोग झाला नाही. दर वेळी तिच्याकडे पाहणारा गिऱ्हाईक मीच होऊन बसायचो. मला ते सहन होईना. तुमच्या घरी उजेड वेगळा असेल, कदाचित हा त्रास होणारही नाही.

‘बारा प्रहरां’त गिऱ्हाईक दिसतच नाही. सशाच्या प्रहरी, म्हणजे पहाटे, गणिका निघालेल्या माणसाचा हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचा झगा, धरून उभी आहे. अस्तरावर बोधिधर्म रंगवलेला, माणूस मात्र चौकटीबाहेर. (हे प्रहर आपल्यासारखे तीन तासांचे नव्हेत, साधारण दोन तासांचे.) माझ्याकडे बैलाचा प्रहर आहे, रात्री दोनच्या सुमाराचा. झोपेतून उठलेली ती एका हातात पेटवलेली कागदाची वात धरून पायाने चप्पल चाचपडते आहे. तिला या घटकेला कोणासाठीही सुंदर दिसायचं नाही. शृंगाराच्या कितीतरी चित्रांपेक्षा मला यात जास्त जवळीक वाटते. आणि आकृती पूर्ण उभी, भोवती मोकळी जागा, त्यामुळे माझं प्रतिबिंब त्या रिकाम्या कागदावर पडतं, तिच्यावर नाही.

तेप्पो मी विकली नाही. ती सपाट खणात असते. कधीतरी काढून हातात धरून बघतो. एदोतले लोक ही चित्रं अशीच बघायचे, आणि तशी ती फार चांगली दिसते. पण एकच घ्यायचं आणि ते भिंतीवर लावायचं असेल, तर मी आधी बैलाचा प्रहर मिळतो का ते विचारेन.