हॉल सजवून देतो म्हणाला आणि माझे सहा पगार घेऊन गेला

हे लिहू नकोस, चार लोकांत हसं होईल, असं नवऱ्याचं म्हणणं. व्हायचं ते हसं घरात कधीच होऊन गेलंय. धाकट्या दिरानं विचारूनच घेतलं, "वहिनी, दुसऱ्यांचे हिशेब तूच तपासतेस ना?" हो, मीच तपासते. सोळा वर्षं लोकांच्या बिलांतल्या चुका काढतेय आणि स्वतःच्या हॉलच्या कामात चांगली तोंडावर आपटले.

आधी हॉल सांगते, कारण तो माणूस तिथूनच आत शिरला. एका बाजूनं 29 फूट लांब, दुसऱ्या बाजूनं साडेतीस, म्हणजे टोकाची भिंत तिरकी. रुंदी फक्त 11 फूट. त्यात लांब भिंतीपासून 3 फूट सोडून दीड फुटी चौकोनी खांब, बरोबर वाटेत. सामान भिंतींना टेकवलं की हॉल रेल्वेच्या फलाटासारखा दिसतो, मधे ओढलं की दारापासून गॅलरीपर्यंत चालायला वाट उरत नाही. सात वर्षं मी खुर्च्या इकडून तिकडे सरकवत होते.

तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हा एक हॉल नाहीच. हे दोन हॉल आहेत. इकडे बसायचं, तिकडे जेवायचं, मधे गालिच्यानं हद्द आखायची आणि 3 फुटांची वाट सलग मोकळी ठेवायची." हे अगदी खरं होतं! आजही मला ते पटतं. फसवणाऱ्याला कामातलं काही कळत नसतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. याला सगळं कळत होतं, फक्त करायचं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मोजमाप फुकट, थ्रीडी चित्र फुकट, मग "या आठवड्यात आगाऊ दिलेत तर सवलत".

मोजमाप घेताना त्यानं लांबी-रुंदी टिपली आणि टेप गुंडाळला. कोपरा काटकोनात आहे की नाही, पाहिलंच नाही. हे नंतर एका म्हाताऱ्या सुतारानं मला दोन मिनिटांत दाखवलं: कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर 4 फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर 5 फूट आलं तर कोपरा सरळ. माझ्याकडे 5 फूट 4 इंच आलं. तुमच्याकडे येणारा माणूस हे करत नसेल तर त्याला चहाही विचारू नका.

आणि आता ते चित्र. रात्री पावणेअकराला मोबाइलवर आलं. करडा सोफा, पितळी दिवा, जमिनीवर तिरपं ऊन. आणि खांब नव्हता. मला दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण मी दोन बोटांनी चित्र मोठं करून पाहिलं. खांबाच्या जागी कुंडी होती. मी विचारलं, "खांब कुठे गेला?" उत्तर आलं, "पॅनलिंगमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या फळ्यांत, गायब होतो मॅडम, तीच तर डिझाइनची कमाल आहे." दीड फुटी काँक्रीटचा खांब गायब होतो म्हणे! आणि मी त्याला अंगठा पाठवला. तो अंगठा अजून फोनमध्ये आहे, वेळेसकट.

तेव्हाच चित्रातलं दार मोजायला हवं होतं. दार साधारण 3 फुटी, तिघांचा सोफा 7 फुटांच्या आसपास, म्हणजे दाराच्या दुपटीहून मोठा. चित्रातला सोफा दाराहून जेमतेम हातभर जास्त. सामान बारीक काढलं की खुराडंही राजवाडा दिसतं. पण दिवसभर आकडे पाहून रात्री अकराला कोण पट्टी घेऊन बसतं?

पैशांचं सांगते. सगळं काम माझ्या 9 पगारांचं ठरलं. 60 टक्के आगाऊ, "माल कापायला". मग एका ट्रकचा व्हिडिओ आला, त्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं, आणि "माल निघाला" म्हणून आणखी 25 टक्के. एकूण 85. ट्रकचा नंबर व्हिडिओत दिसत नव्हता, हे मला पैसे पाठवून झाल्यावर सुचलं. आला तो इंग्रजी एल आकाराचा सोफा आणि दोन पॅनल. सुताराच्या मते हा माल फार तर 18 टक्क्यांचा. बुडाले 67 टक्के. 9 पगारांचे 67 टक्के म्हणजे सहा पगार आणि वर जवळपास एका दिवसाची कमाई. हिशेब दोनदा तपासलाय.

18 मिलिमीटरचं प्लायवूड ठरलं होतं. पॅनलला भोक पाडलं तर आत प्लायवूड नव्हतंच, दाबलेला भुसा होता, तो सांडला. जाडी 12. दुसऱ्यांदा लादी पुसली आणि खालची कड भिजल्या पुठ्ठ्यासारखी फुगली. सोफ्याचा कोपरा काटकोनी, माझी भिंत तिरकी. त्यामुळे मागे एका टोकाला फट नाही, दुसऱ्या टोकाला पूर्ण 12 इंच. त्यात मुलाचा चेंडू, रिमोट आणि माझी एक चप्पल गेली आहे.

फोन आधी व्यस्त, मग बंद. गेले तक्रार द्यायला. पहिल्या साहेबांनी विचारलं, "थोडा माल आला ना? मग फसवणूक कशी? हा व्यवहारातला वाद झाला." म्हणजे 18 टक्क्यांचा माल त्यानं मला पाठवलाच नव्हता, स्वतःच्या बचावासाठी पाठवला होता! दुसरीकडे म्हणाले, करार दाखवा. माझ्याकडे बिनसहीचं कोटेशन, त्यात "सोफा 1 नग", लांबी नाही, जाडी नाही, तारीख नाही. बँकेतल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. तिसऱ्या कार्यालयात त्याचा पत्ता हवा होता. पत्त्यावर गेले तर कुलूप आणि शटरवर 'भाड्याने देणे आहे'. तसं सांगितलं तर म्हणे, मग नवा पत्ता आणा. मी आणू? शोधायचं काम माझं असेल तर तुम्ही खुर्ची कशाला अडवलीय? चित्रांच्या रंगीत प्रती मागितल्या, दिल्या. पुढच्या खेपेला त्याच पुन्हा मागितल्या. चौथ्या खेपेला टेबलावरचा माणूसच बदलला होता आणि त्यानं सुरुवात केली, "बोला, काय झालं?"

कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, जाडी लिहून घ्या, खाली सही. टप्प्याचे पैसे माल तुमच्या दारात मोजून झाल्यावरच. सोफा ठरवण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्याचा आकार आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला. मी हे आत्ता केलं, उशिरा. आणि झालेलं काम पाहायला चला म्हटल्यावर जो "ग्राहकाची प्रायव्हसी" काढतो, त्याला तिथूनच परत पाठवा. मला वाटलं होतं, किती सभ्य माणूस.

माझ्या हॉलचं चित्र तो अजून लोकांना पाठवतो, 'पूर्ण झालेलं काम' म्हणून. गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या भाचीला आलं. करडा सोफा, पितळी दिवा, खिडकीबाहेर समुद्र. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तुम्हालाही ते आलं तर कुंडीच्या जागी बघा. तिथे माझा खांब आहे.