पायथनचं ‘फॉरमॅट_डेटटाइम’: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या तालुक्यातल्या जुन्या आठवणींचं छोटं पॉडकास्ट आहे, दर सोमवारी सकाळी साडेसहाला नवा भाग. अ‍ॅप नवे भाग ज्या यादीवरून ओळखतात ते आरएसएस फीड माझ्याच पायथन स्क्रिप्टमधून (छोट्या प्रोग्रॅममधून) तयार होतं. आधी त्यातली तारीख मी ‘स्ट्रफटाइम’ या तारीख लिहिणाऱ्या फंक्शनने जुळवायचे. वेबसाइटवर मराठी महिने दिसावेत म्हणून स्क्रिप्टचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी केलं, तर फीडमध्येही ‘सोम’ उतरला. आरएसएसला चालतो तो 1982 च्या आरएफसी 822 या इंटरनेट मानकाचा साचा: वार आणि महिना इंग्रजी तीन अक्षरांत, शेवटी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक, आपला +0530. काही अ‍ॅपना आमची तारीख वाचताच येईना, नवे भाग यादीच्या तळाशी गेले. श्रोत्यांचे फोन आले तेव्हा फार वाईट वाटलं.

तेव्हापासून पायथनच्याच ‘ईमेल.युटिल्स’मधलं ‘फॉरमॅट_डेटटाइम’ हे फंक्शन वापरते. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ते लोकेलकडे बघतच नाही, आणि वार तारखेवरून स्वतः काढतं, त्यामुळे हाताने लिहिताना होणारी वाराची चूक संपली.

एक खोड मात्र आहे, आणि तिने मला दोन आठवडे छळलं. टाइमझोन नसलेली वेळ दिली, तर हे तक्रार न करता शेवटी -0000 लावतं. अ‍ॅप ती वेळ यूटीसी धरतात. आमचा साडेसहाचा भाग त्यामुळे दुपारी बाराचा ठरला, आणि एका अ‍ॅपने तो बारा वाजेपर्यंत दाखवलाच नाही! आता प्रत्येक वेळेला ‘झोनइन्फो’ या मॉड्यूलमधून एशिया/कोलकाता हा टाइमझोन जोडते, पायथन 3.9 पासून ते सोबतच येतं. ‘आयएसटी’ हे भारतीय प्रमाणवेळेचं लघुरूप हाताने लिहायच्या फंदात पडू नका. 822 च्या यादीत ते नाही, शिवाय इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात.

अ‍ॅटम या दुसऱ्या प्रकारच्या फीडला हे फंक्शन उपयोगाचं नाही. तिथे आरएफसी 3339 चा साचा लागतो, वर्ष आधी आणि +05:30 मध्ये अपूर्णविराम. त्यासाठी पायथनचंच ‘आयसोफॉरमॅट’ पुरतं, पण टाइमझोन तिथेही आधीच जोडा, नाहीतर ऑफसेट, म्हणजे तो +05:30, येतच नाही आणि फीड अवैध ठरतं.

माझ्याकडून चार तारे. पाचवा कापला तो -0000 गुपचूप लावण्याबद्दल. कॅलिफोर्नियातल्या मावशीच्या फोनवर हिवाळ्यात आमचा भाग आता रविवारी संध्याकाळी पाचचा दिसतो, तिच्या घड्याळाप्रमाणे अगदी अचूक.