लायनलच्या जुन्या इंजिनाचा धूर: तारेआधी हवा तपासा

खेळण्यातल्या विजेवरच्या रेल्वे बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लायनल कंपनीची दुसऱ्या महायुद्धानंतरची, वाफेच्या इंजिनांसारखी दिसणारी छोटी इंजिनं आजही जुन्या बाजारात मिळतात. ‘चालतं छान, फक्त धूर येत नाही’ एवढ्यावरून इंजिन सोडू नका. 1947 पासूनचं गोळीवर चालणारं धूर-युनिट (धुराड्यात टाकलेली गोळी तापवून खोटा धूर काढणारा भाग) फार पक्कं आहे. पेटीत निक्रोमची तापणारी तार, शेजारी छोटा सिलिंडर आणि चाकाबरोबर हलणाऱ्या दांड्यावर चालणारा पिस्टन, एवढाच पसारा. तार धूर बनवते, पिस्टन तो धुराड्यातून फेकतो. लोक थेट तार बदलायला घेतात, पण बिघाड बहुधा हवेच्या वाटेत असतो.

आधी वीज न देता बघा. इंजिन सरळ धरा, धुराड्यावर टिश्यूची पातळ पट्टी धरा आणि चाकं हाताने फिरवा. दर ठोक्याला पट्टी हलली पाहिजे. (671 या मॉडेलसारख्या वर्म गियरच्या, म्हणजे मोटर स्क्रूसारख्या दात्याने चाकांना जोडलेल्या इंजिनात चाकांवर जोर लावू नका. इंजिन स्टँडवर ठेवून कमी व्होल्टेजवर फिरवा.) पट्टी हलत नसेल तर पिस्टन जुन्या गोळ्यांच्या चिकट थरात अडकलाय. तो काढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल अजिबात लावू नका, तापून त्याचाच डिंक होतो. सिलिंडर आणि पेटी यांच्यामधलं बारीक भोक सुईने मोकळं करा. पेटीतला कडक थर लाकडी टूथपिकनेच खरवडा. धातूची टोचणी लागली की तार तुटते.

हवा येतेय पण धूर नाही, तर मल्टिमीटरने तारेचा रोध मोजा. तारेचं एक टोक रोलरकडून (मधल्या रुळातून वीज घेणारं चाक) येतं, दुसरं पेटीमार्गे सांगाड्याला जातं. मीटरवर आकडाच येत नसेल तर तार तुटलीय. तार शाबूत असेल तर पेटीचा सांगाड्याशी असलेला जोड गंजलाय का ते बघा.

गोळीऐवजी धुराचा द्रव वापरायचा असेल तर नुसता ओतू नका, तो सिलिंडरमध्ये उतरून पिस्टन अडवतो. जुन्या तारेऐवजी 27 ओहमचा तापणारा एलिमेंट आणि फायबरग्लासचा सैल बोळा बसवा, हवेचं भोक मोकळं ठेवा. 12 व्होल्टला सव्वापाच वॉटच्या आसपास उष्णता मिळते, ती द्रवाला पुरते. कापूस नको, तो जळतो. पहिल्यांदा आठ-दहा थेंब, नंतर तीन-चार. कोरडं चालवलं तर बोळा काळा पडतो.

सगळं ठीक असूनही धूर विरळ येतो? डबे वाढवा. हलक्या गाडीला कमी व्होल्टेज पुरतं, त्यामुळे तार नीट तापतच नाही.

1946 ची 671, 726 आणि 2020 या मॉडेलची इंजिनं मात्र वेगळी. त्यांत खास बल्बच्या उष्णतेवर गोळी वितळायची. धूर जेमतेम, आणि त्या गोळ्यांतल्या अमोनियम नायट्रेटने आतला धातू गंजतो. ती संग्रहासाठी घ्या, धुरासाठी नाही. आणि भारतात अमेरिकन ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टवर थेट लावू नका, मध्ये 120 व्होल्टचा स्टेप-डाउन हवाच.