डॉइचलांडटिकेट: अकरा महिन्यांचा हिशेब

डोंबिवलीत बारा वर्षं लोकलचा पास काढलेल्या बाईला परदेशात गेल्यावर सगळ्यात आधी काय आठवतं? पासच. 2025 च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला आले आणि घराचा पत्ता नोंदवून बँकेत खातं उघडल्या उघडल्या डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, घेतलं. खात्यातून पैसे आपोआप वळते होतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी खातं आधी लागतंच. तेव्हा महिन्याला 58 युरो पडायचे. 2023 च्या मे महिन्यात योजना सुरू झाली तेव्हा 49 होते म्हणे. म्हणजे स्वस्ताई संपत आल्यावर मी पोचले.

देशभरातल्या बस, ट्राम, भुयारी रेल्वे, एस-बान (इथली लोकल) आणि प्रादेशिक गाड्या यात येतात. आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. एका रविवारी हौसेनं म्युनिकला निघाले, उल्मला गाडी बदलत साडेतीन तास गेले. पुन्हा म्युनिकला जायचं तर आयसीईचं तिकीट काढेन. बोडेन्से तळ्याकडे मात्र चारदा गेले. फ्रीडरिशहाफेनला थेट गाडी आहे, खिडकीची जागा मिळते आणि चौथ्या सीटवर अर्धवट टेकायची वेळ येत नाही.

रोजच्या वापरात खरा फायदा वेगळाच आहे. झोन कुठला, तिकीट किती मिनिटं चालतं, हे डोक्यातून गेलं. चुकीच्या बसमध्ये बसले तरी पुढच्या थांब्यावर उतरून दुसरी पकडायची, खर्च शून्य. शहर मला असंच कळलं. दातेरी रुळांवरून डेगरलोखच्या चढावर जाणारी 1884 सालची त्साके याच तिकिटावर चालते, आणि वाल्डफ्रीडहोफ दफनभूमीकडे जाणारी जुनी रज्जुरेल्वेही. तिचे डबे सागवानी आहेत. आत बसलं की आजोळच्या माजघराचा वास येतो. (येत नसेलही, मला येतो.)

आता तक्रारी. इथे स्टेशनात फाटक नाही, टीसी साध्या कपड्यांत येतो. जुलैत माझा फोन बंद पडला, तिकीट दाखवता आलं नाही आणि हातात 60 युरोंच्या दंडाची चिठ्ठी आली. तिकीट माझ्या नावावर होतं म्हणून नंतर खिडकीवर ओळखपत्रासह दाखवून 7 युरोंवर सुटले. तेव्हापासून पर्समध्ये पॉवर बँक असते.

दुसरी चूक महागात पडली. हा पास म्हणजे वर्गणी आहे. दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केली तरच त्या महिनाअखेर थांबते. भावाच्या लग्नासाठी नोव्हेंबरभर मी घरी होते आणि रद्द करायचं आठवलं 14 ऑक्टोबरला. नोव्हेंबरचे पैसे गेलेच.

तिसरी तर माझ्या आळसाची. कंपनीनं किमान 25 टक्के भार उचलला की वर आणखी 5 टक्के सूट मिळते, म्हणजे तेव्हाचं 58 चं तिकीट 40.60 ला. ऑफिसात विचारायचं मला सुचलं तिसऱ्या महिन्यात. तुम्ही रुजू व्हाल त्याच दिवशी विचारा.

ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ असेल तर घेऊ नका. सायकल न्यायची असेल तर तिचे नियम वेगळे, ते बघून घ्या. जानेवारी 2026 पासून किंमत 63 झाली आहे. दर महिन्याच्या 8 तारखेला माझ्या फोनवर गजर वाजतो, मी तो बंद करते आणि बस पकडते.