अ‍ॅट्रोपिन: मंद नाडीला किती, फवारणीच्या विषाला किती?

फवारणीच्या दिवसांत नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या आरोग्य केंद्रात एकाच रात्री दोन्ही पेशंट येऊ शकतात: नाडी 38 वर आलेले आजोबा आणि ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक प्यायलेला तरुण. इंजेक्शन तेच, 1 मिलीच्या अँप्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) 0.6 मिलिग्रॅमचं. डोस ठरवायची रीत पार वेगळी.

आजोबांच्या डोसला कुंपण आहे. मंद नाडीसोबत बीपी पडलेलं, छातीत दुखणं किंवा गुंगी असेल तरच द्यायचं. 1 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 1.7 मिली, शिरेतून एकदम. दर 3 ते 5 मिनिटांनी पुन्हा, एकूण 3 मिलिग्रॅमपर्यंत. पाच अँप्यूल, संपलं. ‘जरासं देऊन बघू’ म्हणून 0.5 पेक्षा कमी दिलं तर नाडी उलट आणखी मंदावू शकते. ईसीजीत रुंद क्यूआरएसचा (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) कम्प्लीट ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा संदेश खाली न पोचणं) दिसला, तर अ‍ॅट्रोपिनवर अडून न बसता पेसिंगची (विजेच्या संकेतांनी ठोके चालवण्याची) सोय बघा.

तरुणाच्या डोसला ठरलेला आकडाच नाही. छाती सांगेल तितका. 1.8 ते 3 मिलिग्रॅमने सुरुवात, दर 5 मिनिटांनी तपासणी, फरक नसेल तर दुप्पट. 3 अँप्यूल, मग 6, मग 12: दहा मिनिटांत 21 फोडून होतात. म्हणून एक जण फक्त अँप्यूल फोडायला आणि मोजायला ठेवा. घरघर थांबली, काख कोरडी पडली, नाडी 80 च्या वर आणि वरचं बीपी 80 च्या वर गेलं की दुप्पट करणं थांबवा. डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मागे लागू नका, त्या उशिरा मोठ्या होतात. नाडी आधीच 120 आहे म्हणून हात आखडता घेणं ही नेहमीची चूक. ती विषानेही वाढते.

मग एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला ड्रिपमधून. वरच्या हिशेबात 12.6 मिलिग्रॅम झाले, म्हणजे तासाला 1.3 ते 2.5. पेशंट बडबडायला लागला, ताप चढला, आतड्यांचा आवाज बंद झाला, तर जास्त झालंय: ड्रिप थांबवा, शांत झाल्यावर कमी वेगाने सुरू करा. स्नायूंची कमजोरी मात्र अ‍ॅट्रोपिनने जात नाही. मान उचलता येत नसेल तर श्वासाची नळी लागणार हे धरूनच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवा, आणि चिठ्ठीवर ‘अ‍ॅट्रोपिन दिले’ एवढंच न लिहिता किती अँप्यूल, किती वाजता आणि ड्रिपचा वेग लिहा.