जुनी मराठी पुस्तकं पोस्टाने पाठवताना: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

जुनं पुस्तक विकत घेणारा माणूस पुस्तकाच्या किमतीवर फारशी घासाघीस करत नाही. त्याचा खरा प्रश्न असतो, "पोस्टेज किती?" ऐंशी रुपयांच्या पुस्तकाला नव्वद रुपये टपालखर्च सांगितला की समोरून उत्तर येणं बंद होतं. सांगलीहून जुनी मराठी पुस्तकं ऑनलाइन विकायला लागून मला वर्ष होत आलं. या धंद्यात नफा-तोटा पुस्तक मिळवण्यात जितका आहे तितकाच ते पाठवण्यात आहे, असं माझं मत झालंय. या काळात मी पोस्टाची ज्ञान पोस्ट आणि स्पीड पोस्ट या सेवा नेमाने वापरल्या, शिवाय दोन खासगी कुरियर वापरून पाहिले. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सगळ्यात जास्त प्रश्न इथेच पडतात.

आधी ज्ञान पोस्टबद्दल, कारण माझं निम्म्याहून जास्त काम तीच करते. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून खास पुस्तकांसाठी ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला २० रुपये आणि ५ किलोपर्यंत गेलं तर १०० रुपये, कर वेगळा. यात अंतराचा प्रश्नच नाही. सांगलीहून कोल्हापूरला जेवढे पैसे तेवढेच इंदूरला. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव इथले मराठी वाचक जुन्या पुस्तकांचे फार चांगले गिऱ्हाईक आहेत, आणि आपल्याकडे मिळतील तशी पुस्तकं त्यांना तिथल्या दुकानात मिळत नाहीत. त्यांच्यापर्यंत दोन-तीन पुस्तकांचा गठ्ठा इतक्या कमी पैशात जातो, ही मला या सेवेची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. वर ट्रॅकिंगही मिळतं. साध्या बुकपोस्टाने पाठवलं की पुढचं सगळं देवावर सोडावं लागायचं, तसं इथे नाही.

मर्यादा दोन, आणि दोन्ही आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पहिली वेळेची. ज्ञान पोस्टचा माल जमिनीवरून जातो, विमानाने नाही. महाराष्ट्रात आठवडा आणि बाहेर दहा-बारा दिवस धरा, असं मी गिऱ्हाइकाला पैसे घ्यायच्या आधी सांगते. एवढं सांगितलं की "अजून आलं नाही" असे मेसेज जवळजवळ येत नाहीत. दुसरी मर्यादा काय पाठवता येतं याची. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ही सेवा आहे. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि ठरावीक काळाने निघणारी किंवा जाहिराती असलेली प्रकाशनं त्यात बसत नाहीत. म्हणजे दिवाळी अंक बाद! १९०९ पासून चालत आलेली आपली ही परंपरा. जुन्या अंकांना मागणीही भरपूर, पण पानोपानी जाहिराती असल्याने त्यांना हा दर लागू होत नाही. मी दिवाळी अंक सुटे विकणं बंद केलं. पाच-सहा अंकांचा संच करते आणि पार्सलने पाठवते, म्हणजे प्रत्येक अंकामागे खर्च आवाक्यात येतो. काउंटरवर नुसतं "पुस्तक आहे" म्हणण्याऐवजी "ज्ञान पोस्टने पाठवायचंय" असं स्पष्ट म्हणावं, आणि पाकिटावरही मोठ्या अक्षरात तसं लिहावं.

घाईचं किंवा दुर्मीळ काही असेल तर स्पीड पोस्ट. अनेक ज्येष्ठ वाचक अजून "रजिस्टर एडीने पाठवा" म्हणतात. त्यांना सांगावं लागतं, की २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं. मात्र रजिस्ट्रेशनची सोय गेलेली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टावर ५ रुपये अधिक जीएसटी भरून रजिस्ट्रेशन घेता येतं, म्हणजे पाकीट ज्याच्या नावाचं त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात पडतं. तेवढ्याच पैशात ओटीपी सांगितल्यावरच पाकीट देण्याची सोयही आहे. ही ओटीपीची सोय मी गिऱ्हाइकाला विचारूनच घेते. मुलगा पुण्याहून ऑर्डर देतो, पुस्तक आईकडे कराडला जायचं असतं आणि मोबाइल नंबर मुलाचा असतो. अशा वेळी ओटीपीमुळे दारात आलेलं पाकीट परत जाऊ शकतं. त्याच तारखेपासून कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे दरही बदलले: ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये, बाकी देशभर ४७ रुपये, वर जीएसटी. जुनी पत्रं, नकाशे, हस्तलिखितांची सुटी पानं यांना हा दर चालतो. पुस्तकांच्या गठ्ठ्याला मात्र आधी वजन करून चौकशी करावी.

वजनाबद्दल थोडं जास्त लिहिते. टपालाचे दर टप्प्यांनी चढतात, त्यामुळे टप्प्याच्या पाच-दहा ग्रॅम पुढे गेलात की पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे. यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. पुस्तक काट्यावर ठेवायचं ते पॅकिंगसकट. पुठ्ठा, टेप, प्लॅस्टिक, कागद मिळून साठ-सत्तर ग्रॅम सहज होतात आणि नेमके तेच आपल्याला पुढच्या टप्प्यात ढकलतात. पाकीट ५०८ ग्रॅम भरलं, तर मी पुठ्ठ्याची कड कापते, टेपचा जादा पट्टा काढते आणि ४९५ वर आणते. पण पुठ्ठा पूर्ण काढून वजन कमी करायचं नाही. तिथे वाचवलेले दहा रुपये दुमडलेल्या मुखपृष्ठाच्या रूपाने परत वसूल होतात.

पॅकिंगची माझी पद्धत आता बसून गेली आहे. पुस्तक आधी साध्या पारदर्शक पिशवीत घालून तिचं तोंड दुमडून चिकटवायचं. हा थर पावसासाठी, आणि तो मी उन्हाळ्यातही सोडत नाही. मग वर्तमानपत्राचा एक वेढा. त्यानंतर किराणा दुकानातून आणलेल्या खोक्याचे दोन पुठ्ठे, पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे कापलेले, एक वर, एक खाली. हा बोटभर पुठ्ठाच सगळं काम करतो. पाकीट कोपऱ्यावर पडलं की धक्का पुठ्ठ्याच्या कडेला बसतो, पुस्तकाचा कोपरा शाबूत राहतो. दोन्ही पुठ्ठ्यांवरून उभा-आडवा टेप ताणून लावायचा, मग खाकी कागद. शेवटी पाकीट कानाशी धरून हलवायचं. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर उघडून पुन्हा बांधायचं, कारण आत हलणारं पुस्तक प्रवासात स्वतःच्याच वजनाने कडा झिजवतं. कापडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांना टेप चुकूनही थेट लागू देऊ नका. निघताना तो कापडाचा रंग घेऊन येतो. बबल रॅप मी पुस्तकांना वापरत नाही. तो महाग पडतो, जाडी वाढवतो आणि कोपरे काही वाचवत नाही.

आता खासगी कुरियर. घरी येऊन माल नेणं ही त्यांची खरी सोय, आणि मोठ्या खोक्यांना ती उपयोगी पडते. पण बहुतेक कुरियर वजनासोबत आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचं. येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्या आकड्याचे. ४० बाय ३० बाय २० च्या खोक्याचं असं वजन ४.८ किलो भरतं, आत माल दीड किलोचा का असेना. पुस्तकं घट्ट आणि जड असल्याने मला याचा फारसा फटका बसत नाही. माझी जाऊ कागदी आकाशकंदील विकते, तिला मात्र पहिल्याच हंगामात हा हिशेब नीट समजून घ्यावा लागला. आता ती कंदील घडी घालून सपाट पाठवते, सोबत जोडण्याच्या खुणा आणि छोटा व्हिडिओ देते, आणि तिचा पाठवणीचा खर्च निम्म्याच्याही खाली आला आहे. हलकी पण फुगीर वस्तू विकणाऱ्यांनी आधी वस्तू सपाट करता येते का हे बघावं, सेवा कुठली ते नंतर.

कुरियरचा एक कटू अनुभव सांगते, नाव घेत नाही. ऐन जुलैत पाठवलेलं खोकं गिऱ्हाइकाला ओलं मिळालं. आतली पुस्तकं पिशव्यांमुळे वाचली, एका पुस्तकाच्या कडा तेवढ्या फुगल्या. भरपाई मागितली तेव्हा पॅकिंग अपुरं होतं, असं उत्तर आलं. माझ्याकडे बांधण्याच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो होते, ते पाठवल्यावर बोलणं बदललं आणि काही रक्कम मिळाली. गिऱ्हाइकाचे पैसे मी त्या आधीच परत केले होते. पुस्तकाचा, बांधलेल्या पाकिटाचा, काट्यावरच्या आकड्याचा आणि पावतीचा फोटो, हे चार फोटो मी आता प्रत्येक ऑर्डरला काढते. गिऱ्हाइकालाही ते पाठवते, त्याचाही विश्वास बसतो.

भरपाईचा नियम मात्र सगळ्यांनी वाचून ठेवावा. स्पीड पोस्टाने पाठवलेली वस्तू हरवली, तर मिळणारी भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातली जी रक्कम कमी ती. म्हणजे तीन हजारांच्या दुर्मीळ खंडाला नव्वद रुपये टपाल भरलं असेल, तर हातात एकशे ऐंशी. म्हणून हजाराच्या पुढच्या वस्तूला मी विमा घेतेच, आणि तो खर्च आधी सांगून गिऱ्हाइकाकडून घेते. खरी आवड असलेला वाचक त्याला कधीच नाही म्हणत नाही.

पत्ता. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, खेड या नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तिथे पाकीट योग्य ठिकाणी नेतो तो पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो लागू झाला आणि ही पद्धत आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतचे कवी. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. पहिला आकडा विभागाचा (आपला ४), पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी जिथे होते तो जिल्हा, शेवटचे तीन पोहोचवणाऱ्या टपाल कार्यालयाचे. गिऱ्हाइकाने दिलेला पिन मी गावाच्या नावाशी ताडून बघते, न जुळल्यास विचारते. राज्याबाहेरच्या पाकिटावर पत्ता इंग्रजीत, आणि मोबाइल नंबर दोन्हीकडचा. ट्रॅकिंग नंबर टाइप करून न पाठवता पावतीचा फोटो पाठवावा. त्या नंबरातला नववा आकडा आधीच्या आठांवरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे एक आकडा चुकला की शोधात काहीच सापडत नाही आणि गिऱ्हाईक घाबरतं.

पैशाच्या सुरक्षिततेचंही सांगायला हवं. न बघता, न विचारता, घासाघीस न करता "सगळी पुस्तकं घेतो" म्हणणारा, स्वतःला लष्करात असल्याचं सांगणारा आणि "पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा" म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत. असा फोन मलाही आला होता, मी तिथेच बंद केला. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच पाकीट बांधायला घ्या.

परदेशातून मागणी येते, विशेषतः अमेरिकेतून. तिथल्या सीमाशुल्काच्या बदललेल्या नियमांमुळे २५ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडून तिकडे जाणारं टपाल बहुतांश थांबलं होतं. १५ ऑक्टोबरपासून ते पुन्हा सुरू झालं, पण शुल्क इथेच आधी भरायच्या पद्धतीने. हे नियम बदलत राहतात, म्हणून अमेरिकेची ऑर्डर घेण्याआधी मी दर वेळी टपाल कार्यालयात नव्याने विचारते आणि तोवर पैसे घेत नाही. बऱ्याच जणांना मी इथल्या नातेवाइकांचा पत्ता मागते. कोणीतरी डिसेंबरात जाणार असतंच.

सध्या प्रत्येक पुस्तकाच्या जाहिरातीत मी किमतीखाली पॅकिंगसकट वजन, ज्ञान पोस्टचा दर, स्पीड पोस्टचा दर आणि अंदाजे दिवस लिहिते. निवड गिऱ्हाईक करतं. बहुतेक जण ज्ञान पोस्ट घेतात आणि वाचलेल्या पैशात आणखी एक पुस्तक मागवतात.